सचिनची भावंडे

मुलांनो, सचिन तेंडुलकर हे नाव तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. त्याची शतके तुमच्यापैकी काहींना तोंडपाठही असतील. पण अकरा वर्षांचा मुलगा रोज सकाळ-संध्याकाळ मैदानावर जाऊ लागतो, तेव्हा घरातल्या माणसांना काय काय करावे लागते, हे फारसे कोणी विचारत नाही.

सचिनचा जन्म २४ एप्रिल १९७३ रोजी मुंबईत झाला. वांद्रे पूर्व येथील साहित्य सहवास या वसाहतीत तो लहानाचा मोठा झाला. वडील रमेश तेंडुलकर हे कवी आणि मराठीचे प्राध्यापक होते. आई रजनी आयुर्विमा महामंडळात नोकरी करत. नितीन, अजित आणि सविता ही भावंडे त्याच्याहून बरीच मोठी. ती वडिलांच्या पहिल्या पत्नीची मुले. पण धाकट्या भावावर तिघांचीही फार माया होती.

सचिनला पहिली बॅट दिली ती सविताताईने. ती काश्मीरला गेली होती, तेथून तिने विलोच्या लाकडाची बॅट आणली. इंग्लंडच्या विलोपेक्षा हे लाकूड स्वस्त असते. पण लहान मुलाला त्याचे काय!

अजित स्वतः चांगले क्रिकेट खेळत असे. १९८४ साली तो सचिनला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे घेऊन गेला. सर समोर उभे राहिले, तसा सचिन गोंधळला. त्याला नीट खेळताच येईना. सरांनी नकार दिला. अजितने मात्र विनंती केली, ''सर, तुम्ही येथे नाही असे त्याला वाटू द्या आणि मग पाहा.'' सर निघून गेल्यासारखे केले आणि झाडाआडून पाहू लागले. आता सचिन मोकळेपणाने खेळला आणि त्याला प्रवेश मिळाला. भाऊ बुजरा आहे, पण त्याच्यात गुण आहे, हे ओळखणारे माणूस त्या दिवशी जवळ होते.

उन्हाळी शिबिरात दिवसातून दोनदा सराव असे. खेळायचे कपडे एकच जोडी. सकाळचा सराव संपला की घरी येऊन ते धुवायचे, जेवण होईपर्यंत उन्हात वाळवायचे आणि दुपारी पुन्हा घालायचे. बाकीचे कपडे वाळत, खिसे मात्र ओलेच राहत.

पुढे सरांच्या सल्ल्याने सचिनने शाळा बदलली आणि दादरच्या शारदाश्रम शाळेत नाव घातले. वांद्र्याहून रोज ये-जा करताना तो थकून जाई. म्हणून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे त्याची राहण्याची सोय झाली. तेथे तो चार वर्षे राहिला. पहाटे तो अर्धवट झोपेत असे आणि काकू ताट घेऊन त्याला भरवत.

घरातले एक मूल असे खेळू लागले, की साऱ्या घराचे वेळापत्रक त्याच्याभोवती फिरते. ''घरात सगळे त्याचेच चालते, सर,'' असे सांगणारे विद्यार्थी मला भेटले आहेत. त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. अजितनेही काही सोडलेच होते. भावाच्या खेळासाठी त्याने स्वतःची वाट बाजूला ठेवली. सचिनने हे पुढे जाहीरपणे सांगितले. दोघे भाऊ खेळातील बारकाव्यांवर तासन्‌तास बोलत, कधी वादही घालत. सचिन फलंदाजीला गेला की सविताताई उपवास करत असे.

१५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराचीत सचिन पहिला कसोटी सामना खेळला. तेव्हा तो १६ वर्षांचा होता. शेवटचा सामना नोव्हेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर झाला. वेस्ट इंडीजविरुद्ध ७४ धावा करून तो बाद झाला. भारताला पुन्हा फलंदाजी करावी लागेल, ही शक्यता फारच थोडी होती. तरीही त्या रात्री अजितचा फोन आला. चाळीस वर्षांचा धाकटा भाऊ बाद कसा झाला, याविषयी दोघे बोलत राहिले.