सोफोक्लीसचे प्रेक्षक लाकडी बाकांवर बसत

पुलंच्या ‘राजा ओयदिपौस’मुळे मराठी वाचकाला सोफोक्लीस परका नाही. पण त्याचे नाटक पहिल्यांदा कुठे रंगले असेल म्हटले, की डोळ्यांपुढे डोंगरउतारावरच्या दगडी पायऱ्याच येतात. अथेन्समध्ये तेव्हा तसे काही नव्हते. इ.स.पूर्व पाचव्या शतकात डायोनिससच्या नाट्यगृहात, ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, प्रेक्षकांना लाकडी बाके होती. नटांच्या मागची वास्तूही लाकडाचीच. दगडी नाट्यगृह पुरे झाले अथेन्सचा मुत्सद्दी लायकर्गस याच्या कारभारात, इ.स.पूर्व ३३०च्या सुमारास. सोफोक्लीस आणि युरिपिडीस यांना जाऊन तोवर पाऊणशे वर्षे लोटली होती. ज्या नाटकांसाठी आपण ग्रीकांना मानतो, ती लाकडाच्या तात्पुरत्या मांडणीत घडली, हे मला फार मोलाचे वाटते.

कोरस जिथे नाचे-गाई, ती मधली मोकळी जागा सुरुवातीपासून गोल होती, हेही सरसकट खरे नाही. ॲटिकातल्या थोरिकोसचे नाट्यगृह सर्वांत जुन्यांपैकी एक. तिथली ही जागा जवळजवळ आयताकृती आहे. अथेन्सचीही आधी तशीच असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. एपिडॉरसच्या नाट्यगृहातले रेखीव वर्तुळ नंतरचे, इ.स.पूर्व चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातले.

त्याच एपिडॉरसबद्दल वाटाडे सांगतात, की मध्यभागी नाणे पडले किंवा कुणी कुजबुजले, तरी ५५व्या रांगेत स्पष्ट ऐकू येते. २०१७ साली आइंडहोव्हन विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे मोजमापे घेतली. नाण्याचा आवाज वरपर्यंत जाणवतो, पण तो नाण्याचा आहे हे निम्म्या उंचीपर्यंतच ओळखता येते. कुजबुज समजते ती पुढच्या रांगांनाच. मोठ्याने, फेकून बोललेले शब्द मात्र शेवटपर्यंत पोचतात. शिवाय वरच्या २१ रांगा मागाहून वाढवलेल्या आहेत. रचना उत्तम आहेच. पण ती नटाच्या कमावलेल्या आवाजाला साथ देते, त्याची जागा घेत नाही. इ.स.पूर्व ४४९पासून अथेन्समध्ये शोकांतिकेतल्या उत्कृष्ट नटाला वेगळे पारितोषिक होते, ते उगाच नव्हे.

आवाज वाढवायला नटांच्या मुखवट्यात कर्णा दडवलेला असे, या समजुतीलाही भक्कम पुरावा नाही. अस्सल वापरातला एकही मुखवटा उरलेला नाही.

आणि अथेन्सच्या उन्हाळी महोत्सवाच्या छायाचित्रांत झळकणारे, उंच कमानींचे हेरोडीस ॲटिकसचे नाट्यगृह रोमन काळातले, इ.स. १६१च्या सुमाराचे आहे. आज उघडे दिसते. त्या काळी त्यावर लाकडी छप्पर होते.