वायू लेझरचा स्पंद कापत नाही

दाबाखालच्या वायूतून परतलेला लेझर स्पंद मूळ स्पंदापेक्षा आखूड निघतो, म्हणजे वायूने त्याची शेपटी कापून टाकली, असा समज पदवीच्या वर्गांतही पक्का बसलेला दिसतो. तो चूक आहे, आणि साध्या गणितानेच ढासळतो. 10 नॅनोसेकंदांच्या स्पंदात 1 जूल ऊर्जा असेल, तर त्याची सरासरी शक्ती 100 मेगावॉट भरते. त्यातला 1 नॅनोसेकंदाचा तुकडा कापला तर 0.1 जूल हाती येते आणि शक्ती 100 मेगावॉटच राहते. कापून शक्ती वाढत नसते. पण 0.8 जूल ऊर्जा 1 नॅनोसेकंदात गोळा झाली, तर शक्ती 800 मेगावॉट होते. वायूत होते ते हे.

10 नॅनोसेकंदांचा स्पंद सुमारे 3 मीटर लांब असतो. तो नळीच्या दूरच्या टोकाजवळ केंद्रित केला की प्रकाशाच्या प्रबळ विद्युत क्षेत्रामुळे वायूत दाट-विरळ थरांचा ध्वनितरंग उभा राहतो. हा तरंग प्रकाशाला आल्या वाटेने परत पाठवतो. यालाच उद्दीपित ब्रिल्वाँ विकिरण म्हणतात. परतणाऱ्या प्रकाशाची आघाडी, अजून आत येत असलेल्या स्पंदाला समोरून भिडते आणि त्याची ऊर्जा ओढून घेत वाढत जाते. सगळे आघाडीनेच उचलल्यावर तिच्या मागे येणाऱ्या भागाला फारसे उरत नाही. म्हणून परतणारा स्पंद आखूड, पण उंच असतो. गाठ समोरासमोर पडत असल्याने 3 मीटरच्या स्पंदाला साधारण दीड मीटरची नळी पुरते. शंका असेल त्याने डेव्हिड हॉन यांचा ‘ऑप्टिक्स लेटर्स’मधला 1980 चा निबंध पाहावा, त्यात मिथेन भरलेल्या निमुळत्या नळीत हेच घडवलेले आहे.

‘शक्ती वाढली म्हणजे ऊर्जा निर्माण झाली’ हेही खरे नाही. ऊर्जा थोडी घटतेच, फक्त कमी वेळात बाहेर पडते.

‘विकिरण म्हणजे प्रकाश चहूकडे पांगणे’ हे निळ्या आकाशाबाबत ठीक आहे. उद्दीपित विकिरणात मात्र परतणारा झोत एकाच दिशेने येतो.

‘ऊर्जा वायू तापवण्यात जाते’ असेही सांगितले जाते. नायट्रोजनमध्ये 1064 नॅनोमीटरच्या प्रकाशाची वारंवारता एका गिगाहर्ट्झहूनही कमी उतरते, आणि ती मुळात असते सुमारे 2.8 लाख गिगाहर्ट्झ. ध्वनितरंगाच्या वाट्याला एवढाच अंश येतो. उद्दीपित रामन विकिरणानेही स्पंद आखूड करता येतात, पण तिथली घट खरोखर जाणवते: क्रिप्टॉन फ्लोराइड लेझरचा 248 नॅनोमीटरचा प्रकाश मिथेनमधून सुमारे 268 नॅनोमीटरचा होऊन निघतो आणि प्रत्येक फोटॉनची जवळपास 7 टक्के ऊर्जा रेणूंच्या कंपनात जाते.

‘2018 चे नोबेल याच पद्धतीला मिळाले’ हे तर सपशेल चूक. डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांच्या पद्धतीत स्पंद आधी ताणतात, वर्धित करतात आणि मग जाळीने आवळतात. त्यासाठी रुंद वर्णपटाचा स्पंद लागतो. नॅनोसेकंद लेझरचा वर्णपट अरुंद असतो, त्याला जाळीचा उपयोग नाही.

वायूतल्या ब्रिल्वाँ पद्धतीने स्पंद हवा तेवढा आखूड करता येतो, असेही नाही. ध्वनितरंग विरायला लागणारा काळ ही ढोबळ मर्यादा ठरते. दाबाखालच्या वायूंत तो नॅनोसेकंदांच्या घरात असतो, म्हणून त्याहून बऱ्याच आखूड स्पंदांसाठी ज्यांत हा तरंग लवकर विरतो असे द्रव वापरले जातात.