मंठ्याची मुलं आणि कयाकवरची मासेमारी

मंठ्याला समुद्र नाही. पण मोबाइलवर कयाकमधून मासे पकडणारी माणसं पाहून घराघरांतली मुलं कोकणात जायचा हट्ट धरू लागली आहेत, म्हणून हा विषय आम्ही घेतला.

कयाक म्हणजे एका-दोघांची अरुंद, हलकी, वल्ह्याने चालणारी होडी. नवशिक्याने वरून उघडी कयाक निवडावी. तिच्यात आरपार भोके असतात, आत आलेले पाणी त्यांतून निघून जाते. मराठवाड्यातल्या धरणांवर मच्छीमार थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळी टाकतात. तोल सांभाळायची विद्या तीच.

पहिला धडा खाडीत नको. पूर्णा नदीवरच्या येलदरीसारखा जलाशय जवळ आहे, पण तिथे मासेमारी संस्थांचा ठेका असतो. आधी परवानगी घ्यावी. सुरुवातीचे दिवस गळ घरीच ठेवावा. काठाजवळ, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, मुद्दाम उलटून पडायचे आणि पुन्हा वर चढायचे. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नये. पट्टीच्या पोहणाऱ्यानेही लाइफ जॅकेट घालावेच, यावर आम्ही तडजोड करणार नाही.

खाडीत खरा मामला भरती-ओहोटीचा. इथे आपल्या घरांना एक सोय आहे: चांदची तारीख आपल्याला पाठ असते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते, पाणी जोरात ओढते. सातव्या-आठव्या आणि बाविसाव्या चांदच्या सुमारास भांग असते, ओढ मंद. नवशिक्याने भांगच धरावी. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा. चांदची तारीख तिथीच्या एखाद-दोन दिवस मागे असते, तेवढे धरून घ्यावे. भरती संपता संपता आतल्या बाजूला फिरावे आणि ओहोटीला जोर येण्याआधी काठाला लागावे, कारण ओहोटी मुखाकडे ओढते. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून सकाळच बरी.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. वल्ह्याच्या होड्यांना ती नसली, तरी पावसाळ्यात कयाक पाण्यात घालणे म्हणजे वेडेपणा.

आमिषाला ताजी कोळंबी उत्तम. तांबोशी, काळुंद्र, नशीब असेल तर जिताडा लागतो. मासळीला जबह लागत नाही, आणि इहराममध्येही समुद्राची शिकार मना नाही. पण पिल्लू लागले तर परत सोडावे. शिंगाळा लागला तर हाताने धरू नये, त्याचा काटा फार ठणकतो.

शंका आली तर स्थानिकांना विचारावे. रत्नागिरीकडच्या दालदी मुसलमानांचा तर हा पिढीजात धंदा; त्यांना त्या पाण्याची नस ठाऊक असते. आणि निघताना परतायची वेळ घरच्यांना सांगून जावे. ती टळली तर त्यांनी वाट पाहत बसू नये, तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक लावावा.