खेळता खेळता तापणारा संगणक

मे महिन्यातली गोष्ट. नागपुरात आमच्या शेजारच्या मुलाने दुपारी संगणकावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावला. पंधरा मिनिटे सारे सुरळीत चालले. मग पंख्यांचा आवाज चढू लागला, पडद्यावरची मोटार अडखळू लागली, आणि यंत्र फटकन बंद पडले. रोजचेच झाले. घरात निकाल ठरलेला होता. वडील म्हणाले, "खेळून खेळून बिघडवलास." दुरुस्तीवाला म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड गेलंय, नवं घ्या." नवे कार्ड म्हणजे हजारो रुपयांचा सौदा. वाचकहो, असा प्रसंग तुमच्या घरी आला तर पैसे काढण्यापूर्वी एक घड्याळ घेऊन यंत्रासमोर बसा. घड्याळ कशाला, ते सांगतोच.

पण आधी यंत्राची बाजू ऐकू. संगणकात जेवढी वीज शिरते, तेवढी जवळजवळ सगळी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. पत्र लिहिताना ती थोडकी असते. खेळात मात्र प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही एकदम जुंपले जातात. मध्यम प्रतीचे कार्ड १५० ते २०० वॅट खाते. अगदी मोठी कार्डे ४५० वॅटच्याही पुढे जातात. त्यात प्रोसेसरचे शंभरेक वॅट मिळवा. म्हणजे जुन्या काळचे १०० वॅटचे तीन पिवळे दिवे एका पेटीत तासन्‌तास जळत ठेवल्यासारखे झाले की नाही?

तेव्हा तापणे हा दोष नव्हे. खेळ चालू असताना प्रोसेसर ७०-८० अंश सेल्सिअस आणि कार्ड ७५-८० अंश दाखवीत असेल, तर त्यात काळजीचे काही नाही. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की प्रोसेसर आपण होऊन वेग कमी करतो. तुम्हाला जे अडखळणे दिसते, ते हेच. एवढ्यानेही भागले नाही तर यंत्र बंद होते. ते मेले म्हणून नव्हे, मरू नये म्हणून. कार्डाचे तपमान विंडोज ११ च्या टास्क मॅनेजरमध्येच दिसते. प्रोसेसरसाठी एचडब्ल्यूइन्फो नावाची मोफत प्रणाली मिळते.

आता घड्याळ. खेळ सुरू करा आणि आकडा किती वेळात चढतो ते पाहा. प्रोसेसर दहा-वीस सेकंदांतच शंभरीला टेकला, तर दोष त्याच्या अगदी अंगाशी आहे. कारण ती चकती नखाएवढी. तिची उष्णता वरच्या हीटसिंकने लगेच उचलली नाही, तर तिला तापायला वेळ लागतोच कुठे? दोघांच्या मधली थर्मल पेस्ट काही वर्षांनी वाळते, किंवा हीटसिंकचा एखादा स्क्रू सैल होतो. पाण्याने थंड होणारी रचना असेल, तर तिचा पंप बंद पडलेला असू शकतो. नव्या हीटसिंकच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो. तो काढायचाच राहून जातो, आणि जाणत्यांच्या हातूनही! अशा वेळी हीटसिंक काढा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाटाण्याएवढी नवी लावा, आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळा.

उलट आकडा दहा-पंधरा मिनिटे हळूहळू चढत राहिला, तर हीटसिंक आपले काम करतो आहे. पेटीतली हवा मात्र कोंडली आहे. खात्री करून घ्यायची असेल, तर कॅबिनेटची एक बाजू उघडी ठेवून तोच खेळ तेवढाच वेळ चालवा (हात, केस आणि लहान मुले पंख्यापासून दूर). आकडा दहा अंशांनी उतरला, की कारण सापडले. मग पुढच्या जाळीवरची धूळ पाहा. तिथे कित्येकदा गोधडीच विणलेली असते. पंखे नीट बसवले आहेत ना, तेही पाहा. समोरून हवा आत यावी, मागून आणि वरून बाहेर जावी. धूळ झाडताना वीज तोडून, वायर काढून ब्लोअर चालवा आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. नाहीतर ती भरधाव फिरून बेअरिंग खराब होते. एसएमपीएसची डबी मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते.

आणि सगळे आकडे शांत असताना यंत्र बंद पडत असेल, तर तापण्याचा नाद सोडा आणि त्या एसएमपीएसवर संशय घ्या.

शेजारच्या घरी घड्याळाने चौदा मिनिटे दाखविली. म्हणजे हवा. आपल्याकडे त्या सगळ्या पेटीलाच 'सीपीयू' म्हणतात आणि टेबलाच्या कप्प्यात कोंबून दार लावून घेतात. इथेही तेच होते. मागून निघालेली गरम हवा पुन्हा समोरून आत जात होती. पेटी बाहेर काढून मोकळ्यावर ठेवली, जाळी झाडली. यंत्र बंद पडणे थांबले. कार्ड ८८ वरून ७९ वर आले.

पण विदर्भातला मे! खोली दहा अंशांनी तापली की आतले आकडेही जवळजवळ तेवढेच चढतात. पंखा खोलीपेक्षा थंड हवा आणणार कुठून? मुलाने पाण्याचा कूलर पेटीकडे वळवला होता, तो मी वळवू दिला नाही. त्या ओल्या हवेतले तुषार सर्किटावर बसले तर नवेच दुखणे. त्याऐवजी खेळाच्या सेटिंगमध्ये सेकंदाला साठ चित्रांची मर्यादा घातली. त्यांचा पडदा साठच दाखवतो. कार्ड उगाच एकशेतीस रंगवीत बसले होते. पंख्यांचा आवाज तिथल्या तिथे उतरला.

कार्ड अजून तेच आहे. टेबलाच्या त्या कप्प्यात आता रद्दी असते.