दरमहा पाचशे रुपये

संस्थेच्या वेबसाईटवर ‘देणगी द्या’ हे बटण बसवायला एक दुपार पुरते. ‘दरमहा द्या’ या बटणाचं काम मात्र ते बसवल्यावर सुरू होतं. मराठवाड्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवणाऱ्या एका संस्थेच्या साईटवर मी ही दोन्ही बटणं बसवली. पहिल्याकडे नंतर फारसं पाहावं लागलं नाही.

विश्वस्तांची पहिली शंका ठरलेली असते: “लोकांचे कार्डनंबर आपल्याकडे राहणार, उद्या चोरीला गेले तर?” राहत नाहीत. देणगीदार आकडे भरतो ती चौकट पेमेंट गेटवेची असते, आपल्या पानात फक्त दिसते. शिवाय १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून कुणालाही पूर्ण नंबर साठवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. नंबराच्या जागी एक टोकन मिळतं. आपल्या हाती उरतात शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव.

कोडमध्ये रक्कम पैशांत लिहायची असते. पाचशे रुपये म्हणजे ५००००. गेटवे चाचणीसाठी खोटी कार्डं देतो, त्यांवर हवे तितके व्यवहार करा, एक पैसाही हलत नाही. इथपर्यंत सगळं सोपं.

खरी मेख पुढे आहे: पैसे आले हे कुणाच्या शब्दावर मानायचं? देणगीदार ओटीपी टाकतो, बँक होकार देते आणि नेमका तेव्हाच लोकलच्या डब्यात त्याचा मोबाईल रेंजबाहेर जातो. पैसे गेलेले असतात, आभाराचं पान उघडलेलंच नसतं. म्हणून त्या पानावर विसंबायचं नाही. गेटवे आपल्या सर्व्हरला थेट, वेगळा निरोप पाठवतो. त्याला वेबहुक म्हणतात. त्यासोबत गुप्त किल्लीने बनवलेली सही येते. ती ताडून पाहायची, जुळली तरच पावती फाडायची. आणि हा निरोप पोस्टमनने एकच पत्र दोनदा टाकावं तसा पुन्हाही येतो, कारण आपल्या सर्व्हरने वेळेत पोच दिली नाही तर गेटवे परत प्रयत्न करतो. व्यवहार क्रमांक आधीच नोंदलेला असेल तर दुसरी पावती निघता कामा नये. आयकरात सवलत मिळवून देणाऱ्या ८०जीच्या दोन पावत्या एकाच देणगीवर गेल्या तर ते प्रकरण तांत्रिक राहत नाही.

त्या पावतीमुळेच फॉर्म लांबतो. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेने प्रत्येक देणगीदाराचा तपशील फॉर्म १०बीडीमध्ये आयकर खात्याला द्यावा, असा नियम आला. म्हणजे पॅन हवा, पत्ता हवा, नाव पॅनवर आहे तसंच हवं. फॉर्ममध्ये एकेक रकाना वाढला की काही माणसं मध्येच सोडून जातात, हे ठाऊक असूनही रकाने ठेवावे लागतात.

त्यात नागरिकत्वाचा रकाना सगळ्यात अवघड. कोषाध्यक्षांना वाटे, कार्ड परदेशी असेल तर नको म्हणावं, झालं. पण कार्डावरून माणसाचं नागरिकत्व कळत नाही. न्यू जर्सीत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा स्वतःच्या कमाईतून रीतसर बँकेमार्फत देतो, ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की तोच पैसा एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येतो. मग संस्थेकडे ती नोंदणी हवी, आणि पैसा आधी दिल्लीत, स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यात यायला हवा. आमच्या संस्थेकडे ती नोंदणी नव्हती. त्यामुळे फॉर्मवर सरळ विचारलं: आपण भारतीय नागरिक आहात का? काहींना ते उद्धट वाटलं. वाटू दे.

आता दरमहाचं. कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांबद्दलचा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू झाला, तेव्हा देशभरात कार्डांवरच्या कितीतरी चालू वर्गण्या बंद पडल्या. पहिल्यांदा ओटीपी देऊन मंजुरी नोंदवायची, आणि त्यानंतर दर वेळी पैसे कापण्याआधी किमान २४ तास बँकेने ग्राहकाला कळवायचं, तेही नको म्हणायची सोय देऊन. ओटीपीशिवाय कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे आणि मला तो पटतो.

पण तो आगाऊ संदेश वाचतो कोण आणि कसा? आमच्या वसतिगृहाला लोक ओळखतात एका नावाने, धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदलेला आहे दुसऱ्याच लांबलचक नावाने. संदेशात ते दुसरं नाव, तेही अर्धवट कापलेलं. “हे कोण माझे पाचशे कापतंय?” म्हणून एका काकांनी मंजुरीच रद्द केली. वर आम्हाला फोन करून सावध केलं, की तुमच्या देणगीदारांना कुणीतरी फसवतंय! यावर कोडमध्ये उपाय नाही. नोंदणीच्या पानावर आणि पहिल्या पावतीवर ठळक अक्षरांत लिहिलं: संदेशात अमुक नाव दिसेल, ते आम्हीच.

हिशेबनीस ताईंचा प्रश्न निराळा होता. “पावती पाचशेची, बँकेत चारशे अठ्ठ्याऐंशी वीस. बाकीचे कुठे गेले?” गेटवेचे दोन टक्के म्हणजे दहा रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एक रुपया ऐंशी पैसे. त्यातही रक्कम एकेकट्याने येत नाही, अनेकांची मिळून एकत्र जमा होते. देणगी पूर्ण पाचशेची लिहायची आणि शुल्क खर्चात दाखवायचं. ताईंना मी रोजचा तक्ता काढून दिला, तेव्हा कुठे त्यांनी साईटला संस्थेचा भाग मानलं.

आणि मग कार्डांची मुदत संपू लागते. कार्ड हरवतं, बँक नवं देते, बहुतेक वेळा जुनी मंजुरी तिथेच संपते. देणगीदाराला वाटतं, आपले जाताहेत. संस्थेला दिसते फक्त एक लाल ओळ. आपोआप जाणारी ईमेल कुणी उघडत नाही. माणसाने फोन केला की बहुतेक जण त्याच संध्याकाळी नव्याने नोंदणी करतात. म्हणून मी आता संस्थांना आधी विचारतो, महिन्यातून एकदा ती लाल यादी घेऊन फोन करणारं कुणी आहे का? नसेल तर दरमहाचं बटण लावू नका. आणि लावलंच, तर यूपीआय ऑटोपे किंवा बँकखात्यावरची मंजुरी वर ठेवा, कार्ड खाली. खात्याला कार्डासारखी मुदत नसते.

तुम्ही स्वतः कुठल्या संस्थेला दरमहा काही देत असाल आणि गेल्या वर्षभरात कार्ड बदललं असेल, तर बँकेचं स्टेटमेंट एकदा उघडून पाहा. देणगी बहुधा थांबलेली असेल.