मैदानावरच हातात फोटो

डिसेंबर-जानेवारी आला की मुंबईच्या उपनगरांत शनिवार-रविवारी मोकळे मैदान सापडणे कठीण. अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल, मुलुंडचे कालिदास नाट्यगृहालगतचे संकुल, गोरेगावचे प्रबोधन, शिवाय घाटकोपर-बोरिवलीतल्या शाळांची पटांगणे. कुठे धावण्याच्या शर्यती, कुठे खो-खो, कुठे कबड्डी. आणि गर्दीतल्या प्रत्येक पालकाच्या हातात मोबाइल. तरीही याच मैदानांवर, खेळ संपल्यावर पाच-दहा मिनिटांत कागदावरचा फोटो छापून देण्याचा धंदा चालतो. मी तो करतो, त्यामुळे करू पाहणारे तरुण माझ्याकडे येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘मशीन कोणतं घेऊ?’ माझ्या मते हा प्रश्न चौथा किंवा पाचवा आहे.

जागच्या जागी फोटो देण्याची कल्पना मुंबईला नवी नाही. गेटवे ऑफ इंडियासमोरचे फोटोग्राफर खांद्यावरच्या पिशवीत छोटा प्रिंटर बाळगतात आणि पर्यटक बोटीकडे वळायच्या आत फोटो हातावर ठेवतात. रितेश बत्रा यांच्या ‘फोटोग्राफ’ या २०१९ च्या चित्रपटाचा नायक असाच एक फोटोवाला होता. मैदानावरचे काम मात्र वेगळे. गेटवेला गिऱ्हाईक समोर उभे राहते. इथे ते पळत असते, आणि पैसे देणारा दुसराच कोणी लांब कठड्यामागे बसलेला असतो.

मग मोबाइल असताना आपल्याकडे कोणी का यावे? कारण पालकांना रेषेच्या आत येऊ देत नाहीत. कठड्यामागून काढलेल्या फोटोत मुलगी नखाएवढी दिसते. आपल्याला आत उभे राहायची परवानगी असते, लांब पल्ल्याची लेन्स असते आणि खो-खोतली पोल डाइव्ह गोठवायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो हे ठाऊक असते. पण खरे सांगू? अशा झेपेचे फोटो लोक कौतुकाने पाहतात, आणि विकत घेतात तो पदक गळ्यात घातलेला, शेजारी आई, आजी आणि प्रशिक्षक सर असलेला फोटो! म्हणून विजेत्यांचा चौथरा कुठे मांडणार हे सकाळीच आयोजकांना विचारावे. बॅनर नीट दिसावा म्हणून तो हमखास असा मांडतात, की सूर्य मुलांच्या पाठीशी येतो आणि चेहरे काळे पडतात.

आता यंत्राविषयी. मैदानासाठी शाईचा प्रिंटर नको, डाय-सब्लिमेशन पद्धतीचा हवा. यात शाई नसते, रंगाची फीत असते. फितीवर पिवळा, किरमिजी आणि निळा असे फोटोएवढे पट्टे एकापाठोपाठ असतात. तापलेल्या हेडखालून कागद तीन वेळा जातो, दर वेळी एकेका रंगाची वाफ कागदाच्या थरात शिरते, आणि चौथ्या फेरीत वर पारदर्शक लेप बसतो. त्यामुळे फोटो कोरडाच बाहेर पडतो आणि घामट हातांनी धरला तरी रंग फिसकटत नाही. साधारण बारा-पंधरा सेकंदांत ४ x ६ इंची प्रत मिळते. फोटो गडद असो की फिका, फीत तेवढीच खर्ची पडते, म्हणून प्रत्येक प्रतीचा खर्च आधीच सांगता येतो.

या यंत्राचा खरा शत्रू म्हणजे धूळ. हेडखाली एक कण गेला की फोटोवर डाग किंवा लांब रेघ उमटते. म्हणून मैदानाच्या कडेला टेबल न मांडता शाळेचा एखादा वर्ग मागून घ्यावा. हेड तापताना वीजही जोरात ओढली जाते. डेकोरेटरच्या जनरेटरवर लाउडस्पीकर चालू असतो, तिथे प्रिंटर लावू नये. आपला चांगला इन्व्हर्टर बरोबर न्यावा.

कागदावरच्या हिशेबाने ताशी अडीचशे प्रती निघायला हव्यात. प्रत्यक्षात निघत नाहीत, कारण अडते ते फोटो शोधण्यापाशी. बक्षीस समारंभ संपला की शे-दोनशे पालक एकदमच येतात आणि म्हणतात, ‘माझा मुलगा, निळी चड्डी, तिसरा आला.’ निळ्या चड्डीतली मुले चाळीस! २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हापासून छातीवरच्या क्रमांकाचे महत्त्व आपल्या अंगवळणी पडले आहे. धावणाऱ्याचा फोटो त्याच क्रमांकावरून सापडतो. शाळेच्या स्पर्धेत क्रमांक नसेल तर प्रत्येक शर्यतीआधी तिचे नाव लिहिलेल्या पाटीचा एक फोटो काढावा. सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळे सकाळी जुळवावीत. दोन मेमरी कार्डे आलटून पालटून नेणारा एक चपळ मुलगा ठेवावा. गिऱ्हाइकाला आधी पडद्यावर फोटो दाखवावा, ‘हाच’ म्हटल्यावरच छापावा.

पैशाचे गणित आकडे धरूनच सांगतो. तुमचे आकडे तुम्ही घाला. समजा, कागद-फितीचा खर्च प्रतीमागे १५ रुपये आणि विक्री ६० रुपयांना. सुटतात ४५. माणसांची मजुरी आणि टेम्पो मिळून दिवसाला ४,५०० रुपये, म्हणजे शंभर प्रती खपल्या की तो दिवस फिटला. आता ७०,००० चे यंत्र धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी शनिवार-रविवार मिळून जेमतेम पस्तीस दिवस असतात. एका हंगामात यंत्राचे पैसे काढायचे तर दिवसाला आणखी २,००० हवेत. एकूण १४५ प्रती. कॅमेरा यात धरलेला नाही. पावसाळ्यात मैदाने बंद, तेव्हा बंदिस्त सभागृहातले बॅडमिंटन-कॅरम किंवा मुंजी-बारशी शोधावी लागतात. (बॅडमिंटनच्या कोर्टवर फ्लॅश मारून खेळाडूचा रोष ओढवू नका.) म्हणून पहिल्या हंगामात यंत्र भाड्यानेच आणावे. कर्जाची घाई करू नये, मग ते मुद्रा योजनेतले का असेना.

दीडशे प्रती रोज खपतील याची खात्री नसते. म्हणून मी सुट्या विक्रीपेक्षा आयोजकांशी ठरावीक रकमेचा सौदा पसंत करतो : प्रत्येक सहभागी मुलामागे एक फोटो, खाली देणगीदाराचे नाव, पैसे आयोजक देणार. मिळकत थोडी कमी, पण बुडीत काही नाही. दुसरेही एक कारण आहे. सुटी विक्री असली की टेबलाशी काही मुले नुसतीच उभी राहतात. पडद्यावर स्वतःचा फोटो बघतात, दोनदा-तीनदा येऊन बघतात आणि निघून जातात. साठ रुपये त्या घरात कोणी मागायचे नसतात. त्यात कधी कधी पहिली आलेली मुलगीही असते. ठरावीक सौद्यात तिच्याही हातात फोटो पडतो, आणि सर्वांत शेवटी आलेल्याच्याही.

मुलांचेच फोटो असल्याने आयोजकांमार्फत पालकांची लेखी संमती आधी घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. जाहिरातीसाठी त्यातला एकही फोटो परस्पर वापरू नये. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. वापरलेल्या फितीवर प्रत्येक फोटोची उलटी प्रतिमा, जुन्या निगेटिव्हसारखी, राहिलेली असते. उजेडात धरली तर चेहरे ओळखू येतात. संपलेली फीत शाळेच्या कचऱ्याच्या डब्यात टाकणारे मी पाहिले आहेत. ती घरी आणावी, कात्रीने बारीक तुकडे करावेत आणि मगच टाकावी. रविवारी रात्री दमून आल्यावर या कामाचा कंटाळा येतो. त्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा.