तीर्थपुरीत अक्षरे किती?

फळ्यावर 'तीर्थपुरी' लिहा आणि वर्गाला अक्षरे मोजायला सांगा. जालना जिल्ह्यातल्या या गावाच्या नावात मुले चार अक्षरे मोजतील: ती, र्थ, पु, री. संगणकाला विचारले तर उत्तर नऊ येऊ शकते. चुकले कोण?

कोणीच नाही. संगणक अक्षराचे चित्र साठवत नाही, आकडे साठवतो. 1991 साली आलेल्या युनिकोड पद्धतीत प्रत्येक खुणेला स्वतंत्र क्रमांक आहे. त म्हणजे 2340, दीर्घ वेलांटी 2368, र 2352, हलन्त 2381. अशा नऊ खुणा ओळीने ठेवल्या की 'तीर्थपुरी' तयार होते. या खुणांचे गट पाडून अक्षरे ओळखण्याचा नियमही युनिकोडनेच दिला आहे. जुन्या नियमात र् आणि थ वेगळे धरले जात, म्हणून पाच गट होत. 2023 सालच्या सुधारणेनंतर जोडाक्षर एक धरले जाते आणि गट चार होतात. म्हणून कोणता ब्राउझर कोणता नियम पाळतो, यावर उत्तर ठरते.

मोजणीतला फरक एक वेळ चालेल. शोधातला फरक महागात पडतो. 'कऱ्हाडकर' हे आडनाव घ्या. एका कळफलकावर त्यातला अर्धा र नुक्ता असलेला ऱ (2353) आणि हलन्त असा उमटतो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि 8205 क्रमांकाची अदृश्य जोडखूण असा. पडद्यावर दोन्ही नावे हुबेहूब सारखी दिसतात, पण आकडे वेगळे. एका पद्धतीने नोंदवलेला विद्यार्थी दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर 'असा विद्यार्थी नाही' असे उत्तर येऊ शकते आणि शुद्धलेखनाचा दोष विनाकारण मुलाच्या माथी बसतो.

मग अदृश्य खूण पुसून टाकावी का? नाही! ती पुसली तर र चा रफार होतो आणि 'कर्हाडकर' उरते. योग्य उपाय असा, की नाव साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी प्रोग्रॅमने दोन्ही रूपे एकाच ठरलेल्या रूपात बदलून घ्यावीत.

आता एक प्रयोग. 'तीर्थपुरी' टाइप करा आणि मागचे पुसण्याची कळ एकदाच दाबा. बहुतेक ठिकाणी 'री' पूर्ण जात नाही, फक्त वेलांटी जाते. एवढ्यावरून मुलांना कळेल, की आपण अक्षर पाहतो तेव्हा संगणक खुणांची ओळ पाहत असतो.